खाण रिती झाल्यावर

मनुष्य घर बांधतो तेव्हां तो एकाच वेळीं दोन वस्तू निर्माण करीत असतो. एक वस्तु गांवांत उभी राहते व सर्वांच्या दृष्टीस पडते. दुसरी गांवाबाहेर, टेकडीच्या पोटांत, खोल होत जाते व तिकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. शाळेची इमारत, रेल्वेचा पूल, सडक, नदीचा घाट, विहिरीचें बांधकाम, या सर्वांचा दगड कोठून तरी आलेला असतो, आणि जेथून तो आला तेथें तेवढीच एक पोकळी मागें राहिलेली असते. इमारतीच्या कोनशिलेवर सन व नांवें कोरलेलीं असतात; पोकळीस नांव नसतें. तिला आपण नुसतें 'खाण' म्हणतों, आणि तींतील काम थांबलें म्हणजे 'जुनी खाण' म्हणून सोडून देतों. अशा सोडून दिलेल्या खाणीचें पुढें काय होतें, व काय होऊं शकतें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

आपला खानदेश हा काळ्या दगडाचा देश आहे. तापीच्या दोहों तीरांस गाळाची खोल काळी जमीन आहे हें खरें. पण दक्षिणेकडे अजिंठ्याची रांग, उत्तरेकडे सातपुडा, आणि पश्चिमेस धुळ्याच्या बाजूला तर जागोजाग उघडा पडलेला कातळ दिसतो. हा कातळ म्हणजे सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वर येऊन पसरलेल्या, व थरावर थर असा थिजलेल्या तप्त रसाचा दगड होय. भूगर्भशास्त्रांत त्यास बेसाल्ट म्हणतात. कांहीं ठिकाणीं हा रस वर न येतां भेगेंतच थिजला, आणि पुढें आजूबाजूचा थर झिजून गेल्यावर त्याच्या उभ्या भिंती उघड्या पडल्या. धुळें व नंदुरबार या भागांत अशा दोनशेंहून अधिक भिंतींची शास्त्रज्ञांनीं नोंद केली आहे. त्यांतील कित्येक मैलच्या मैल लांब आहेत, व दुरून पाहणारास त्या पडक्या किल्ल्याच्या तटासारख्या भासतात. सारांश, आपल्याकडे दगडास तोटा नाहीं, आणि म्हणूनच खाणींनाहि तोटा नाहीं.

खाणीचें काम कसें चालतें हें पुष्कळांनीं पाहिलेलें असेल. पूर्वीं वडार समाजांतील स्त्रीपुरुष घण, पहार व छिन्नी यांच्या बळावर दगड फोडीत. आतां यंत्रानें भोंकें पाडून सुरुंग लावतात आणि फुटलेल्या दगडाची खडी करतात. दगड वरून खालीं व टेकडीच्या आंत असा काढीत गेल्यानें दोन-तीन बाजूंस उभे कडे व मध्यें सपाट तळ अशी आकृति तयार होते. चांगला दगड संपला, पाणी लागलें, किंवा परवान्याची मुदत सरली, कीं यंत्रें दुसरीकडे जातात. कायद्याच्या भाषेंत हा दगड 'गौण खनिज' होय. त्याचें स्वामित्वधन सरकारजमा होतें, हिशेब मिटतो, आणि पुष्कळदां खाण मात्र तशीच उघडी राहते.

पहिल्याच पावसाळ्यांत तींत पाणी भरतें. बेसाल्टाचा थर जेथें अखंड असतो तेथें पाणी सहसा झिरपत नाहीं, त्यामुळें तें हिवाळ्यापर्यंत, कधीं उन्हाळ्यापर्यंतहि टिकतें. तें शांत, हिरवट निळें पाणी पाहून मुलांना पोहण्याचा मोह होतो, आणि येथेंच खरा घात आहे. नदीचा कांठ बहुधा उतरता असतो. पाणी घोट्याला, मग गुडघ्याला, मग कंबरेला लागतें, व माणूस सावध होतो. खाणीचा कांठ एकदम तुटलेला असतो. तेथें पहिलें पाऊल घोट्याइतक्या पाण्यांत पडतें आणि दुसरें पुरुषभर पाण्यांत. कडा शेवाळानें बुळबुळीत झालेला असल्यामुळें चांगला पोहणाराहि बाहेर येण्यास आधार शोधतां शोधतां दमून जातो. वरचें पाणी उन्हानें कोमट झालेलें असलें तरी खालचें थंडगार असतें. त्यांत शिरतांच हातपाय आखडतात. तळाशीं दगडांचीं टोकें व तुटक्या तारा असतात त्या निराळ्याच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत सुमारें ३ लक्ष माणसें बुडून मेलीं, आणि त्यांत लहान मुलांचा वांटा फार मोठा होता. महाराष्ट्रांतहि खाणीच्या पाण्यांत मुलें बुडाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात, त्या आईबापांच्या वाचनांत आल्या असतीलच. तेव्हां जुन्या खाणीचा प्रश्न हा गांवाच्या शोभेचा नाहीं. तो मुलांच्या जिवाचा आहे.

यावर उपाय काय? खाण बुजवून टाकावी म्हटलें, तर तितकी दगडमाती आणावयाची कोठून? त्यासाठीं दुसरी खाण खणावी लागेल! कुंपण घालणें अवश्य आहे. पण निर्जन जागेचें कुंपण फार दिवस टिकत नाहीं. तार चोरीस जाते, खांब वांकतात, आणि गुरें व मुलें आपली वाट काढतात. जी जागा कोणाचीच नसते तिची राखण कोणीच करीत नाहीं. म्हणून कांहीं गांवांनीं निराळा मार्ग धरला. त्यांनीं खाणच सर्वांच्या उपयोगाची केली, व अशा रीतीनें तिला धनी मिळवून दिला. या मार्गाचें एक नवलाचें उदाहरण अमेरिकेंत आहे. तेथील हवामान आपल्या अगदीं उलट आहे, आणि म्हणूनच तें उदाहरण नीट समजून घेण्यासारखें आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उत्तरेस मिनेसोटा नांवाचें संस्थान आहे. त्यांत केटल नदीच्या कांठीं सँडस्टोन नांवाचें लहानसें गांव आहे. सँडस्टोन म्हणजे वालुकाश्म. तो दगड त्या नदीकांठीं विपुल निघाला म्हणून गांवास तेंच नांव पडलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील दगड ठिकठिकाणच्या इमारतींस व फरसबंदीस जाऊं लागला. ता. १ सप्टेंबर १८९४ रोजीं त्या प्रदेशांत भयंकर वणवा पेटला. त्यांत चारशेंहून अधिक माणसें मेलीं, आणि सँडस्टोन व शेजारचें हिंक्ली हीं दोन्ही गांवें भस्मसात् झालीं. हिंक्ली येथें खडी-रेती काढून झालेला एक ओसाड खड्डा होता व त्यांत पाणी सांचलेलें होतें. त्या दिवशीं त्या खड्ड्याच्या पाण्यांत उतरून सुमारें शंभर माणसांनीं आपले प्राण वांचविले. ज्या खड्ड्याकडे एरव्हीं कोणी पाहिलेंहि नसतें, तोच संकटसमयीं गांवाचा आसरा झाला.

सँडस्टोन गांव पुन्हां वसलें, पण कालांतरानें तेथील खाण बंद पडली. ती जागा पुढें रॉबिन्सन पार्क या नांवानें गांवाचा सार्वजनिक बाग झाली. खाणीचे उंच उभे कडे मात्र नदीकांठीं तसेच राहिले. त्या प्रदेशांत हिवाळ्याच्या रात्रीं उष्णमान शून्याखालीं पंधरा-वीस अंश उतरणें ही नित्याची गोष्ट आहे. कड्यांवर चढण्याची हौस असलेल्या मंडळींनीं या थंडीचाच उपयोग करून घेतला. त्यांनीं कड्याच्या माथ्यापर्यंत पाण्याची नळी नेली, आणि तें पाणी थोडें थोडें कड्यावरून खालीं सोडलें. पाणी ओघळतां ओघळतां गोठूं लागलें, आणि जेथें पूर्वीं सुरुंगाचे आवाज होत तेथें निळसर पांढऱ्या बर्फाची भिंत उभी राहिली. आतां दर हिवाळ्यांत लोक तेथें बर्फावर चढावयास येतात, व त्यानिमित्त उत्सवहि भरतो. ज्या ऋतूंत गांव दारें लावून बसत असे, त्याच ऋतूंत बाहेरचीं माणसें गांवाकडे येऊं लागलीं.

अशी बर्फाची भिंत तयार करण्याच्या कामाला तिकडे 'बर्फाची शेती' असें म्हणतात, आणि शेतकऱ्याच्या मुलांना हें नांव सहज पटेल. पाणी एकदम सोडलें तर तें गोठण्यापूर्वींच वाहून जातें. फार कमी सोडलें तर नळींतच गोठून नळी फुटते, कारण पाणी गोठतांना सुमारें एक एकादशांश भागानें फुगतें. म्हणून थंडी पाहून धार कमीजास्त करावी लागते. पाण्याचा पातळ पापुद्रा दगडावर पसरला पाहिजे, तो पुरा गोठला पाहिजे, मग त्यावर दुसरा पसरला पाहिजे. ऊन ज्या कड्यावर पडतें तेथें बर्फ दिवसां सुटतो. म्हणून सावलींतला, उत्तराभिमुख कडा चांगला. रात्रीं कोणी तरी उठून नळ्या तपासतो, तुंबलेल्या मोकळ्या करतो. आपल्याकडे पिकाला पाणी देणारा जसा रात्रीं बॅटरी घेऊन बांधावरून फिरतो, तसाच हा बर्फाचा शेतकरी कड्याच्या माथ्यावरून फिरत असतो.

भिंतीवर चढणारा बुटांना पोलादी खिळ्यांचा सांचा बांधतो व दोन्ही हातांत वांकड्या पात्याची एकेक लहान कुऱ्हाड घेतो. कुऱ्हाड बर्फांत रोवावी, पाय रोवावा, शरीर वर उचलावें, पुन्हां दुसरी कुऱ्हाड रोवावी, असा क्रम असतो. त्याच्या कमरेच्या पट्ट्याला बांधलेला दोर माथ्यावरील भक्कम आधारांतून फिरून खालीं उभ्या असलेल्या सोबत्याच्या हातीं येतो. चढणाराचा पाय निसटला तर सोबती दोर अडवितो, आणि तो अधांतरीं लोंबतो. खालीं पडत नाहीं. डोक्यावर शिरस्त्राण असल्यावांचून कोणासहि भिंतीजवळ येऊं देत नाहींत, कारण वरून बर्फाचे ढलपे पडतात. या खेळांत धाडस आहे, पण त्याहूनहि अधिक शिस्त आहे. एकाचा जीव दुसऱ्याच्या मुठींत असतो ही गोष्ट क्षणभरहि विसरतां येत नाहीं.

अमेरिकेंतच कोलोरॅडो संस्थानांत उरे नांवाचें दुसरें एक गांव आहे. तें एके काळीं सोन्यारुप्याच्या खाणींवर जगलें. गांवाजवळच्या खोल घळींतून एका जलविद्युत्केंद्राचा मोठा नळ जातो. त्याच्या गळतीचें पाणी हिवाळ्यांत घळीच्या भिंतीवर गोठतांना चढणाऱ्यांनीं पाहिलें, आणि जें आपोआप होत होतें तें मुद्दाम करावें असें त्यांच्या मनानें घेतलें. सन १९९० नंतरच्या दशकांत तेथें बर्फारोहणाचा बाग तयार झाला, व आज जगांतील मोठ्या अशा बागांत त्याची गणना होते. तेथेंहि बाग चालविणें हें मुख्यत्वें गांवकरी, देणगीदार व स्वयंसेवक यांचें काम आहे. दगड, थंडी व पाणी या तीन गोष्टी निसर्गानें दिल्या; चौथी गोष्ट, म्हणजे रात्रीं उठून नळी तपासणारा माणूस, गांवानें दिली.

आतां साहजिकच विद्यार्थी विचारतील कीं, आपल्या खाणींत अशी भिंत कां होऊं नये? याचें उत्तर गणितानें देतां येतें. जळगांव-धुळ्याकडे हिवाळ्यांत पहांटे उष्णमान कधीं कधीं पांच-सहा अंशांपर्यंत उतरतें, पण तें शून्य नव्हे. आणि उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. म्हणजे बर्फ यंत्रानेंच करावा लागेल. तीस फूट उंच, तीस फूट रुंद व एक फूट जाड अशी भिंत धरली तर तींत सुमारें २३ टन बर्फ लागेल. शून्य अंशाच्या एक किलो पाण्याचा बर्फ करावयास त्यांतून ८० किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. हा आंकडा किती मोठा आहे हें असें समजावें, कीं वीस अंशांचें लिटरभर पाणी उकळीला आणण्यास चुलीला जितकी उष्णता घालावी लागते, तितकीच येथें काढून घ्यावयाची असते. २३ टनांसाठीं हा हिशेब १८ लक्ष किलोकॅलरींच्या वर जातो. शिवाय भोंवतालची ऊन हवा क्षणोक्षणीं पुन्हां उष्णता आंत ओततच राहणार. जेथें पिण्याच्या पाण्याची काळजी आहे तेथें असा खटाटोप करणें म्हणजे शहाणपण नव्हे.

परंतु याचा अर्थ हें उदाहरण आपल्या कामाचें नाहीं असा मात्र नाहीं. आपल्याच देशांत लडाखकडे पाहावें. तेथें हिवाळ्यांत पाणी वाहून वायां जाई, आणि वसंतांत पेरणीच्या वेळीं शेत कोरडें राही. चेवांग नॉर्फेल या अभियंत्यानें ओढ्यांचें पाणी अडवून, पसरून व गोठवून ठेवण्याची युक्ति काढली; त्यांस २०१५ सालीं पद्मश्री मिळाली. पुढें सोनम वांगचुक व त्यांच्या विद्यार्थ्यांनीं २०१३-१४ च्या सुमारास उंचावरून नळीनें पाणी आणून तें कारंज्याप्रमाणें उडविलें, आणि थंडीनें गोठवून त्याचा शंकूच्या आकाराचा स्तूप उभा केला. तो सावकाश वितळून शेताला पाणी देतो. नळी तीच, थंडी तीच, गोठण्याचा नियम तोच. पण एका गांवीं त्याचा खेळ झाला आणि दुसऱ्या ठिकाणीं शेतीचें पाणी झालें. प्रत्येकानें आपल्या गरजेस व आपल्या हवेस विचारून काम केलें. आपणहि आपल्या खाणीला हाच प्रश्न विचारला पाहिजे, कीं तुझ्यापाशीं येथें काय आहे?

आपल्या खाणीपाशीं पहिली गोष्ट आहे ती दगडाची भिंत. बर्फ नसला तरी दगडावर चढतां येतें, आणि सोडलेल्या खाणींत दगडावर चढण्याची रीत जगांत जुनी आहे. वेल्स देशांत डिनॉर्विक येथें पाटीच्या दगडाची प्रचंड खाण होती. ती १९६९ सालीं बंद झाली. पुढें तिचे कांहीं कडे आरोहण करणाऱ्यांचें प्रसिद्ध क्षेत्र झाले, आणि त्याच डोंगराच्या पोटांत जलविद्युत्केंद्र उभारून तें १९८४ सालीं सुरू करण्यांत आलें. महाराष्ट्रांत प्रस्तरारोहणाची परंपरा चांगली रुजलेली आहे. मनमाडजवळचा हडबीची शेंडी हा सुळका खानदेशांतून आगगाडीनें जाणाऱ्या पुष्कळांनीं पाहिला असेल; त्यावर आरोहक चढतात. मुंबईची गिरिविहार ही संस्था १९५४ पासून या क्षेत्रांत आहे, आणि तिच्या पुढाकारानें २०१६ सालीं नवी मुंबईंत या खेळाची जागतिक चषक स्पर्धा भरली. टोकियो येथें २०२१ सालीं झालेल्या ऑलिंपिक सामन्यांत या खेळास प्रथमच स्थान मिळालें. तेव्हां हा कांहीं परक्यांचाच खेळ आहे असें समजण्याचें कारण नाहीं. खानदेशांत नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने सकाळची हवा त्यास अगदीं अनुकूल असते.

दुसरी गोष्ट पाण्याची. दोनशें फूट लांब, शंभर फूट रुंद व वीस फूट खोल अशी खाण पूर्ण भरली तर तींत १ कोटी १० लक्ष लिटरांहून अधिक पाणी राहतें. ज्या प्रदेशांत वर्षाकांठीं सरासरी पंचवीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो, तेथें हा सांठा थोडा नव्हे. कोल्हापूरचा रंकाळा तलाव सर्वांस ऐकून तरी ठाऊक आहे. तेथें पूर्वीं दगडाची खाण होती, तींतील दगड देवालयांच्या बांधकामास गेला, आणि पुढें भूकंप होऊन तींत पाणी भरलें, अशी परंपरागत समजूत आहे. आज त्या तलावाचा कांठ म्हणजे कोल्हापूरकरांचें सायंकाळचें विश्रांतिस्थान आहे.

आणि रित्या जागेचें मोल कोणी शिकवावयाचें असेल, तर तें आपल्या शेजारच्या अजिंठ्यानेंच शिकवावें. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या पांचव्या शतकापर्यंत तेथील कारागिरांनीं याच काळ्या दगडांतून लेणीं कोरलीं. खाणवाला दगड घेतो व पोकळी टाकून देतो; त्यांनीं दगड टाकून दिला व पोकळी ठेवली. जळगांवाहून अजिंठ्यास सहलीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं चित्रें पाहतांना एकदां या गोष्टीचाहि विचार करून पाहावा.

जुनी खाण गांवाच्या उपयोगास आणावयाची तर कामांचा क्रम चुकवितां कामा नये. पहिलें काम म्हणजे जागा कोणाची आहे याचा शोध. ती सरकारी, गायरान किंवा खाजगी असूं शकते. तलाठ्याच्या दप्तरावरून हें कळतें, आणि ग्रामपंचायत व तहसील कचेरी यांच्या संमतीवांचून एक खुंटीहि ठोकूं नये. दुसरें काम जाणत्या माणसाकडून कड्यांची तपासणी. सुरुंगांच्या हादऱ्यांनीं दगडांत बारीक भेगा पडलेल्या असतात. पावसाचें पाणी त्यांत शिरून शिळा सैल होतात. दिसावयास अभंग वाटणारा कडा अवचित ढांसळतो. म्हणून खाणकाम किंवा भूगर्भशास्त्र जाणणारानें कडा पाहून, सैल दगड पाडून टाकून, अमुक भिंत सुरक्षित व अमुक वर्ज्य असें ठरवून दिलें पाहिजे. आग्या मोहोळ असलेल्या कड्याच्या तर वाटेसहि जाऊं नये. तिसरें काम माथ्यावर भक्कम कुंपण, व स्पष्ट अक्षरांचा फलक.

चौथें काम, आणि आमच्या मतें सर्वांत मोलाचें, म्हणजे खाणीच्या एका बाजूस भर घालून पाण्यांत उतरती वाट व पायऱ्या बांधणें, आणि कांठावर दोर व तरंगणारें चक्र टांगून ठेवणें. यामुळें कोणी चुकून आंत पडला तर त्यास बाहेर येण्यास वाट राहते. त्यानंतर टाकाऊ मुरुमाच्या ढिगांवर कडुनिंब, करंज, पळस अशीं दणकट झाडें लावावींत. एखादा कडा घुबडें व पाकोळ्या यांच्यासाठीं अस्पर्श ठेवावा. आरोहणाचे आधार मात्र शिकलेल्या व अनुभवी मंडळींनींच बसवावे, आणि त्यांच्या देखरेखीवांचून कोणीहि दोराला हात लावूं नये. ज्यांनीं घाम गाळून ही खाण खणली त्या दगडफोड्यांच्या श्रमांची आठवण देणारी एक शिळाहि तेथें असावी.

इतकें सर्व झालें तरी एक प्रश्न उरतोच: दहा वर्षांनीं तें कुंपण कोण पाहील? सँडस्टोन व उरे येथील खरी शिकवण बर्फाची नाहीं, पाळीची आहे. आणि या बाबतींत खानदेशास परदेशाकडे पाहावयाचें कारण नाहीं. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या कांठीं शेंकडों वर्षें 'फड' पद्धति चालत आली. नदींत बंधारा घालून पाटानें पाणी काढावयाचें, पाटाखालची जमीन मोठमोठ्या फडांत विभागावयाची, एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें व वर्षानुवर्षें पिकांची पाळी बदलावयाची, अशी ही व्यवस्था. पाटकरी पाणी देई, जागल्या राखण करी, तंटा पंच मिटवीत, आणि पाटांतील गाळ काढावयास सर्वांनीं जावें असा दंडक असे. पुढें धरणें, विहिरी व पंप आले, आणि ही पद्धति पुष्कळ ठिकाणीं मोडकळीस आली. परंतु पाणी एकट्याचें नव्हे, म्हणून त्याची काळजीहि एकट्याची नव्हे, हें आपल्या पूर्वजांना पक्कें ठाऊक होतें. खाणीसाठीं असाच एक फड उभा राहिला पाहिजे. या महिन्यांत कुंपण कोणी पाहावयाचें, दोर कोणी तपासावयाचा, झाडांस पाणी कोणी घालावयाचें, हें नांवानिशीं ठरलें तरच बाग टिकेल. नाहींतर उद्घाटनाचे हार सुकण्यापूर्वींच ती पुन्हां जुनी खाण होईल.

विद्यार्थिमित्रहो, हें काम मोठ्या माणसांचें आहे; पण त्याचा आरंभ तुम्हांस करतां येईल. तुमच्या गांवाभोंवतीं किती जुन्या खाणी आहेत, कोणत्या खाणींत पाणी सांचतें, कोणतीस कुंपण नाहीं, याची यादी वडील माणसांस बरोबर घेऊन, कांठापासून दूर राहून, तुम्ही तयार करूं शकाल. ती यादी शिक्षकांच्या सहीनें ग्रामपंचायतीस किंवा नगरपालिकेस द्यावी. तूर्त मात्र एक नियम प्रत्येकानें पाळावा: खाणीच्या पाण्यांत कोणत्याहि निमित्तानें उतरावयाचें नाहीं. सोबती बुडूं लागला तर त्याच्यामागें उडी टाकूं नका. बुडणारा वांचविणाऱ्यास मिठी मारतो व दोघेहि जातात. आरडाओरडा करून माणसें जमवा, कांठावर आडवे पडा, आणि बांबू, दोर, धोतर, ओढणी, जें हातीं येईल तें त्याच्याकडे टाका.

आणि पालकांस आमची विनंति इतकीच, कीं पुढचा पावसाळा लागण्यापूर्वीं एकदां आपल्या गांवची जुनी खाण स्वतः जाऊन पाहावी. तिच्या कांठावर कुंपण आहे कीं नाहीं, आणि नसेल तर तें कोणी घालावयाचें, हा प्रश्न येत्या ग्रामसभेंत विचारावा.